आर्वोच्या बंदुकीचा दस्ता

वेसली केस्किला शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा आणि त्याच्या हातात काही मोडत नाही, असा पाइक लेक गावात लौकिक होता. उलट गावातलं मोडलेलं सगळं त्याच्याकडे यायचं. बर्फ ढकलायची यंत्रं, चर्चच्या खुर्च्या, म्हाताऱ्या बायकांची शिवणयंत्रं. पैसे तो क्वचितच घेई. एकोणीसशे शहाण्णव साली तो अठ्ठावन्न वर्षांचा होता. त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी त्याच्या हातून जे मोडलं, ते त्याच्या वडिलांचं होतं.

वडील आर्वो शहाऐंशींचे. लोखंडाच्या खाणीत एकेचाळीस वर्षं काढलेली. डोळ्यांपुढचं मधलं सगळं गेलं होतं, फक्त कडांचं अंधुक दिसायचं. तरी पंधरा नोव्हेंबरला, हरणांच्या शिकारीच्या पहिल्या दिवशी, ते जंगलातल्या शिकारीच्या केबिनमागे तोडलेल्या पाइनच्या बुंध्यावर जाऊन बसायचेच. बंदूक त्यांच्या मांडीवर आणि काडतुसं वीस पावलांवर बसलेल्या वेसलीच्या खिशात. सहा वर्षांत त्यांनी एकही गोळी झाडली नव्हती. सप्टेंबरात डॉक्टरांनी वेसलीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की पुढच्या वर्षाचं काही ठरवू नका. आर्वोंना ते कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही पडली नव्हती. ‘‘यंदा बुंध्यावर बसलो की झालं,’’ असं ते स्वतःच म्हणू लागले होते.

गोळी झाडायची नसली, तरी नेम तपासल्याशिवाय बंदूक जंगलात न्यायची नाही, हा आर्वोंचा नियम होता. दर वर्षी त्या शनिवारी बापलेक खडीच्या खाणीत जात. वेसली तीन गोळ्या झाडी, आर्वो कानावर हात ठेवून शेजारी बसत आणि प्रत्येक गोळीनंतर विचारत, ‘‘कुठे?’’

यंदा वेसली एकटाच गेला. म्हाताऱ्याला बूट चढवायचे, गाडीत बसवायचं, उतरवायचं, म्हणजे अर्धा दिवस गेलाच. त्याला दुपारी दोन बसगाड्यांचे ब्रेक बघायचे होते. तीन गोळ्या झाडून त्याने बंदूक पिकअप गाडीच्या मागे खाली पाडलेल्या फळीवर ठेवली, निशाणाचा कागद काढून आणला, आणि फळी तशीच उघडी ठेवून गाडी सुरू केली. खाणीच्या तोंडाशी खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा मागे आवाज झाला. उतरून पाहतो तो बंदूक दगडांवर पडलेली. जिथे मूठ धरतात तिथे लाकडी दस्त्याला बोटभर लांब तडा गेला होता आणि खालच्या बाजूला अक्रोडाचं लाकूड पांढरं पडेपर्यंत खरवडलं होतं.

त्या संध्याकाळी आर्वोंचा फोन आला. ‘‘शनिवार ना रे आज? मी बूट घालून बसलो होतो.’’

‘‘मी जाऊन आलो, बाबा. तुम्हाला उगाच थंडीत कशाला...’’

मग आर्वो म्हणाले, ‘‘कुठे लागल्या?’’

‘‘मधोमध. तिन्ही.’’

‘‘बरं. उद्या बंदूक घेऊन ये. तेल लावतो.’’

‘‘तेल मीच लावतो ना, बाबा.’’

दर वर्षी आर्वो दस्त्याला जवसाचं तेल तळहाताने चोळत, लाकूड गरम होईपर्यंत. ‘‘बरं,’’ एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

वेसलीची बायको मार्लिस ओट्यापाशी कणीक मळत सगळं ऐकत होती. ‘‘सांगून टाक की. पडली म्हणावं. माणसाच्या हातून पडतं.’’

‘‘तुझ्या हातून पडतं. माझ्या नाही पडत.’’

‘‘अरे, त्यांना दिसतसुद्धा नाही तडा!’’

‘‘डेनीला दिसतो ना. केबिनमध्ये पाय ठेवायच्या आत तो ओरडेल, वेसलीने म्हाताऱ्याची बंदूक फोडली म्हणून. वर्षभर गाणं होईल त्याचं.’’

डेनी त्याचा चुलतभाऊ. त्याच्या तोंडाला झाकण नव्हतं, हे खरंच होतं.

तड्यात सरस भरून वेसलीने त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली. दोन दिवसांनी सोडली तर जोड पक्का बसला होता, पण रेघ काळी दिसत होती आणि खरवडलेली जागा तर लपण्यासारखी नव्हतीच. नवा दस्ता घ्यायचा तर महिन्याच्या किराण्याएवढे पैसे. मग त्याला रंग सुचला. हल्ली पोरं बंदुका जंगलात मिसळून जाव्यात म्हणून पानांच्या नक्षीत रंगवत होती, त्यामुळे कुणी का असं विचारणार नव्हतं.

काम त्याने नेहमीसारखं नीट केलं. दोन स्क्रू काढून दस्ता वेगळा केला. भांड्यांच्या साबणाने घासला, पण पन्नास वर्षांचं तेल साबणाला दाद देईना. शेवटी ओव्हन साफ करायचा जहाल फेस लावला, तेव्हा तपकिरी पाणी ओघळू लागलं. ते बराच वेळ ओघळत राहिलं. मग पॉलिश पेपर मारला, अस्तराचा हात दिला. दुकानातल्या चेपलेल्या डब्यांच्या टोपलीतून एक मातकट स्प्रेचा डबा आणला. हिरवा रंग ट्रॅक्टरचा उरलेला होता. परसातले वाळलेले नेचे दस्त्यावर दाबून धरले आणि वरून फवारा मारला. पानं उचलली की त्यांचे ठसे उरत. मूठ होती तिथे मार्लिसची कांद्यांची जाळीची पिशवी ताणून बारीक चौकटी उठवल्या, तडा बरोबर त्यांच्याखाली गेला. तळघरात, घर तापवायच्या भट्टीशेजारी तारेला टांगून त्याने तो चार दिवस वाळवला.

मार्लिसने पाहिलं आणि म्हणाली, ‘‘सुंदर झालाय. आता तरी सांग.’’

‘‘भेट म्हणून देतो,’’ तो म्हणाला.

चौदा नोव्हेंबरला संध्याकाळी केबिनमध्ये सहा माणसं होती. चुलीवर कॉफी, टेबलावर मार्लिसने दिलेल्या मांस-बटाट्याच्या पेस्टी, आणि भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेले सदऱ्यांचे तुकडे. नेम चुकला की सदऱ्याची मागची शेपटी कापायची, हा तिथला रिवाज. अकरापैकी चार तुकडे डेनीचे.

‘‘यंदा नवा सदराच आणला नाही,’’ डेनी म्हणाला. ‘‘कापा, काय कापायचं ते!’’

‘‘पँट सांभाळ म्हणजे झालं,’’ आर्वो म्हणाले आणि सगळे हसले. त्या संध्याकाळी ते खुशीत होते. दोन पेस्टी खाल्ल्या. मग हात पुढे करून म्हणाले, ‘‘आण रे तिला.’’

वेसलीने बंदूक त्यांच्या हातांत दिली.

‘‘अरे वा!’’ डेनी ओरडला. ‘‘झुडूपच आणलंय की! आर्वोकाका, खाली ठेवू नका हं, परत सापडायची नाही.’’

आर्वो हसले नाहीत. त्यांचा अंगठा मुठीपाशी गेला आणि तिथेच थांबला. मग तळहात मागे सरकला, गाल टेकायच्या जागेपर्यंत, आणि परत आला. त्यांनी दस्ता नाकाशी नेला.

‘‘ही कुणाची?’’

‘‘तुमचीच, बाबा. रंगवली मी. तुमच्यासाठी.’’

‘‘मस्त झालीय, काका,’’ कुणीतरी म्हणालं. ‘‘दुकानात शंभर डॉलर घेतले असते.’’

आर्वोंनी मान हलवली. बंदूक मांडीवर ठेवून हळू आवाजात, फक्त शेजारी बसलेल्या मुलाला ऐकू जाईल असं विचारलं, ‘‘लाज वाटत होती का रे तिची?’’

वेसलीच्या ओठांवर आलं होतं. पडली, बाबा. तुम्हाला न घेता गेलो आणि पडली. पण डेनी समोर बसला होता, कॉफीचा कप तोंडाशी धरून, कान टवकारून.

‘‘लाज नाही... जुनी दिसत होती,’’ वेसली म्हणाला.

‘‘हो,’’ आर्वो म्हणाले. ‘‘जुनी तर होतीच.’’

पहाटे वेसली त्यांचे बूट घेऊन आला, तर आर्वो चुलीपाशी मोजे घालून बसलेले. ‘‘तुम्ही जा. मी कॉफीचं बघतो.’’

‘‘बाबा, बुंधा साफ करून ठेवलाय. बर्फ काढलंय.’’

‘‘थंडी आहे. उगाच कशाला,’’ ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

बंदूक कोपऱ्यात उभी होती. वेसली एकटाच गेला, त्याच्या नेहमीच्या जागी बसला आणि वीस पावलांवरच्या रिकाम्या बुंध्याकडे पाहत राहिला. नऊच्या सुमारास हरणाचा एक नर आला, बुंध्याशेजारून निवांत चालत गेला. वेसलीने आपली बंदूक उचलली नाही. उचलली असती तरी नेम लागला नसता.

दुपारी तो सांगायचं ठरवूनच परतला. बाकीचे अजून जंगलात होते. आर्वोंनी सौना, वाफेने न्हायची लाकडी खोली, तापवून ठेवली होती. दोघं लाकडी फळीवर शेजारी शेजारी उघडे बसले. त्यांच्या घरात भांडणं तिथे मिटत आणि खोटं तिथे कुणी बोलत नसे. वेसलीने घसा साफ केला.

‘‘बाबा...’’

‘‘पाणी टाक,’’ आर्वो म्हणाले.

त्याने तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं. वाफ उठली, दोघांनी माना खाली घातल्या. वाफ विरली तेव्हा आर्वो म्हणाले, ‘‘ती तू ठेव. तुझ्या आवडीची केली आहेस, तर तूच ठेव.’’ आणि उठून टॉवेल शोधू लागले. वेसलीने टॉवेल त्यांच्या हातात दिला.

आर्वो फेब्रुवारीत गेले. मधल्या तीन महिन्यांत वेसली रोज त्यांच्याकडे जात होता. सूप न्यायचा, वर्तमानपत्र वाचून दाखवायचा, नखं कापायचा. मार्लिस पहिल्या पहिल्यांदा विचारायची, ‘‘सांगितलंस?’’ नंतर तिने विचारणं सोडलं.

अंत्यविधीला चर्चमध्ये पाद्री बोलायला उभे राहिले. गावात नवे होते, म्हणून त्यांनी घरोघर विचारून आठवणी जमवल्या होत्या. खाण झाली, तरुणपणची कुस्ती झाली. मग ते म्हणाले, ‘‘आणि डेनीने मला एक गोष्ट सांगितली. बापाचे डोळे गेलेले, शेवटची शिकार जवळ आलेली, आणि मुलगा रात्रंदिवस तळघरात बसून त्यांची जुनी बंदूक आपल्या हाताने रंगवतो. पान न् पान उठवतो. जे बापाला दिसणारही नाही, ते सुंदर करतो. प्रेम आणखी काय असतं?’’

पलीकडच्या बाकांवरच्या बायकांनी वळून वेसलीकडे पाहिलं. एकीने डोळ्यांना रुमाल लावला. मार्लिसने नजर गुडघ्यांवरच्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली.

नंतर चर्चच्या तळघरात कॉफी आणि वेलचीचा पाव होता. लोक रांगेने येऊन वेसलीचा हात हातात घेत होते. ‘‘फार चांगलं केलंस रे,’’ ते म्हणत होते, आणि तो प्रत्येकाला म्हणत होता, ‘‘हो. थँक यू.’’