पडद्यामागची कालवड

आमच्या घरात गाय व्यायला आली की गोठ्यात तरटाचा पडदा लागतो. व्यालेल्या गाईवर कोणाची नजर पडू नये, दुसऱ्या गुरांचीसुद्धा नाही, हा सासूबाईंचा नियम. मला तो पहिल्यापासून खटकायचा, पण नाचणगावात सून म्हणून आल्याआल्या गोठ्यावरून भांडण कोण काढणार!

मग आमची कालवड पहिल्यांदा व्याली. वासरू पांढरंशुभ्र, दृष्ट लागण्यासारखंच. पण ही बया त्याला हुंगेना की चाटेना. जवळ गेलं की लाथ! मागचे पाय बांधून पाजायला गेलो तर तिने पान्हा चोरला. दुपार झाली तरी वासराच्या पोटात चिकाचा थेंब नव्हता आणि आता ते मान टाकायला लागलं होतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. कधी न व्यालेली उंदरीणसुद्धा पिल्लं सांभाळणारी आई पाहून ते काम शिकते, असं वाचलं होतं. नुसतं पाहूनच तिच्या मेंदूत ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं, आणि पान्हाही त्यानेच फुटतो. गाय म्हणजे उंदीर नव्हे, हे मलाही कळतं. पण आमच्या कालवडीने आईपण पाहिलं तरी कुठे होतं? दर वेळी मध्ये तरट!

मी पडदा ओढून काढला.

"काऊन काढून राह्यली वं?" सासूबाई धावत आल्या. "नजर लागन वासराले!"

"उपाशी मेल्यावर कोणाले लागन, आई?"

त्या बोलत राहिल्या, मी ऐकलं नाही. महिन्यापूर्वीच व्यालेल्या आमच्या जुन्या गाईला तिच्या वासरासकट आणून समोर बांधलं. ती हुंकारत त्याला चाटू लागली, ते कासेला ढुशा देऊ लागलं. कालवडीने कान टवकारले. पुढ्यातला चारा सोडून ती बघतच राहिली. बऱ्याच वेळाने मी तिचं वासरू उचलून तिच्या तोंडाशी ठेवलं. तिने हुंगलं, आणि मग जी चाटायला लागली ती थांबेचना. तेही धडपडत उठलं, सडाला लागलं, त्याच्या तोंडाला दुधाचा फेस आला. मी शेणातच नाचले.

सासूबाई फाटकाकडे पळाल्या. मला वाटलं, आता कडी लावतात. त्यांनी फाटक सताड उघडलं आणि साऱ्या गल्लीला हाक दिली, "या वं बायांनो, पाहाले या! आमची पाजून राह्यली!"