सुपातले अकरा दाणे

माझं अक्षर कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नाही. ही वही कुणाच्या हाती पडलीच तर त्याची माफी असावी. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, म्हणून इथं लिहिते.

आमचे हे अंबाजोगाईच्या शाळेत कवायत मास्तर होते. निजामाच्या छावणीतल्या शिपायांचं बघून यांना फुटबॉलचं वेड लागलं. छावणीच्या साहेबानं तीन शुक्रवारी तीन सामने ठेवले. दोन जिंकणाऱ्याला तीस रुपये. मास्तरांच्या टोळीकडे चामड्याचा चेंडूच नव्हता. माझ्याकडे वाकळा शिवून डब्यात साठवलेले बारा हाली रुपये, म्हणजे निजामाच्या नाण्यातले, होते, दुभत्या शेळीसाठी. धाकटी आठ महिन्यांची होती आणि माझं दूध तिला पुरत नव्हतं.

"तीन शुक्रवारात दामदुप्पट देतो," असं म्हणून यांनी डबा रिकामा केला. मी रिकामा डबा परत फळीवर ठेवला.

संध्याकाळी सगळी टोळी ओसरीवर जमायची. माझ्या सुपात ज्वारीचे अकरा दाणे म्हणजे आपले गडी, तुरीचे अकरा म्हणजे शिपाई, आणि एक हरभरा म्हणजे चेंडू.

"बगा," हे सांगत, "आठ जण पुढं. चेंडू शिपायाच्या पायात आला की त्यांच्याच गोलापाशी समद्यांनी तुटून पडायचं. दम घिऊ द्यायचा न्हाई."

"आन् चेंडू मागं गेला तर, मास्तर?" गणिताच्या मास्तरांनी विचारलं.

"जातो कसा बे? आपुन जाऊ दिला तर जाईल ना!"

सगळे खो खो हसले. हसताना सूप हललं आणि शहाण्यांची अर्धी फौज ओसरीच्या फटीत गेली. ती मी वेचली.

आमचं माळवद मैदानाला लागून होतं. पहिल्या शुक्रवारी मी वर सांडगे वाळत घालत बसले, पदर ओढून. खाली उभ्या असलेल्यांना नुसती धूळ दिसते, वरून सगळं दिसतं. गुळाच्या खड्याला मुंगळे लागावेत तसे आमचे आठजण एका चेंडूभोवती. एका उंच शिपायानं शांतपणे डोक्यावरून लांब लाथ मारली, आणि मागं सगळं मैदान मोकळं. गोल राखणारा एकटा, बुजगावण्यासारखे हात पसरून. असं चारदा झालं. अर्ध्या खेळानंतर आमचे वीर कमरेवर हात ठेवून धापा टाकत होते. खळ्यावरची पाखरं हाकताना सगळे एकाच कोपऱ्यात धावत नाहीत, एवढं आमच्याकडं शेंबड्या पोरीलाही कळतं.

"चेंडूत हवा कमी व्हती," हे घरी येऊन म्हणाले. म्हणजे चूक माझ्या बारा रुपयांची.

दुसऱ्या सामन्याच्या आदल्या दिवशी यांनी दाणे पुन्हा तसेच मांडले, आठ पुढं, आणि भिंतीला टेकून घोरायला लागले. मी भाकरी टाकून उठले. पुढचे तीन दाणे उचलून मागं ठेवले, आणि चुलीशी येऊन बसले.

जागे झाल्यावर हे सुपाकडे बराच वेळ बघत राहिले. मग टोळी आली.

"म्या लई इचार केला," यांनी सुरुवात केली. "पाच पुढं. त्यांनीच तुटून पडायचं. बाकीच्यांनी मागं थांबायचं."

"वा मास्तर, डोकं हाय तुमचं!"

"आवो, मी हेच म्हणलतो की," गणिताचे मास्तर म्हणाले.

"तुमी कुठं म्हणलता?"

दुसरा सामना जिंकला, तिसराही, एका गोलानं. हे पुढं कैक वर्षं चावडीवर 'माझा डाव' सांगत राहिले. मला एकदा म्हणाले, "तुला कळायचं न्हाई, पर ह्याला लई अक्कल लागती." मी ताटात कालवण वाढलं.

तीस रुपये आले त्या दिवशी यांनी माझ्या डब्यात नऊ टाकले. "तीन फुडच्या महिन्यात. आज समद्या गड्यांना जिलबी खाऊ घालायची हाय."

दामदुप्पट मी मागितलं नाही. पण धाकटी मांडीवर रडत होती, आणि कसं कोण जाणे, माझं तोंड उघडलं.

"अहो, बारा व्हते."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू सूपच बोललं. मी डबा उघडा धरूनच उभी राहिले. शेवटी यांनी टोपी काढली, आतून तीन रुपये काढले आणि एकेक करून डब्यात टाकले. बारा भरले, तेव्हा मी झाकण लावलं.