घळीतला कुकारा

फॉस्टिन म्हणजे बोलघेवडा माणूस. आंबोलीच्या पायथ्याशी नदी जिथे दोन कड्यांमधून अंग चोरून वाहते, तिथे त्याचे पाहुण्यांसाठी लावलेले तंबू. पाहुण्याने बॅग खाली ठेवली न ठेवली तोच ह्याच्या घळीच्या गोष्टी सुरू! मग बायको, डोरथी, चुलीपासून ओरडायची, "रे फॉस्टिन, तेंका चाय तरी पिऊंक दी!" एवढा जुना संसार, पण भांडण रोज ताजं. तरी तिच्यावाचून त्याची एक गोष्ट पुरी व्हायची नाही. विसरलेलं सगळं तीच पुरवायची.

घळीत पाण्याच्या आवाजापुढे शब्द पोचत नाहीत. म्हणून तिथली माणसं कुकारा देतात. लांब 'कू' म्हणजे पाणी येतंय, वर या. समोरून 'कू' आला, की ऐकलं, निघालो. जिवाची गोष्ट ही, गमतीची नव्हे. पण फॉस्टिनला कुठलं राहवतंय? पाहुण्यांना कड्यावर नेलं, की हा त्यांना कुकारा शिकवायचा. मग दिवसभर कू कू आणि हसणं. "तेचो खेळ करू नको रे," डोरथी कळवळून सांगायची. हा हसण्यावारी न्यायचा.

दिवाळीच्या सुट्टीतली दुपार. पाहुणे कड्यावर फोटो काढत होते. वळणापलीकडे, कोंडीच्या खोल पाण्याशी, डोरथी टोप घासत बसली होती. इथे लख्ख ऊन, पण आंबोलीवर आभाळ काळंठिक्कर. तंबूंपाशी फॉस्टिनला नदी एकाएकी गढूळ झालेली दिसली. त्याने जीव खाऊन कुकारा दिला. लगेच उलट कुकारा आला. बाईमाणसाचा, स्पष्ट. हुश्श! डोरथी निघाली म्हणून तो तंबूंकडे वळला आणि ते वाचवायला दोर सोडू लागला.

पाहुणे खाली उतरले तोवर लोंढा कोंडीवरून गेला होता. "अंकल, मी उत्तर दिलं, ऐकलंत ना?" त्यांच्यातल्या एका बाईने कौतुकाने विचारलं. बिचारीला काय ठाऊक! फॉस्टिन धावत सुटला. डोरथी संध्याकाळी सापडली, खालच्या बांधाला अडकलेली.

मडगावहून लेक आली, डेल्सी. माती झाली, माणसं पांगली, आणि दुसऱ्या सकाळी घरात बापलेक दोघंच उरली. सगळा गाव म्हणत होता, पाणीच अवचित आलं, कोण काय करणार? फॉस्टिन गप्प राहिला असता तर डेल्सीनेही तेच मानलं असतं. त्याला तेच हवं होतं. आता ही एकच उरली होती, हिने तरी आपल्याला धरून राहावं.

"पप्पा, कोंड काय लांब नाय. धावलो असतस तर पावलो नसतस?"

"पावलो असतंय."

"मगे काय करी होतस?"

जन्मभर बोलण्यात कुणाला हार न गेलेला माणूस, पण त्याला एक खोटं सुचेना. डोरथी असती तर तिने सावरून घेतलं असतं.

"तंबू सोडी होतंय गो," तो म्हणाला. "नवे होते."

 डेल्सीने आईची जपमाळ बॅगेत घातली आणि दुपारच्या बसने निघून गेली. फॉस्टिनने तिला थांब म्हटलं नाही.