बंद करतानाचा सूर

मंडळाला अकॉर्डियन हवी आहे, अशी थाप मी नवऱ्याला मारली. सरळ चेहऱ्याने मारली. आमच्या बायकांच्या भजनी मंडळात मी गेली कित्येक वर्षं पेटी वाजवते आणि ती पेटी ठणठणीत आहे. अकॉर्डियनचं आम्ही करणार काय, लोणचं?

पण दुसरा उपाय नव्हता. नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून त्याचा डावा हात अर्धवट लुळा पडला होता. डॉक्टर म्हणाले, हाताला काम द्या, येईल बरीच ताकद. व्यायामाला रबरी चेंडू दिला. तो चेंडू त्याने देव्हाऱ्याशेजारी ठेवून दिला, जसा काही प्रसादच. दिवसभर ओटीवर बसून राहायचं, विचारलं तर ‘हां’ नाहीतर ‘न्हाय’. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात भाजीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेतलं, तो अळणी आमटी गपचूप जेवून उठायचा. मला त्या गप्प बसण्याची भीती वाटायची. रात्री शेजारी झोपलेला माणूस आहे की नाही, असं वाटायचं.

तरुणपणी तो हळदीच्या ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवायचा. रेवसपासून अलिबागपर्यंत एक मांडव सोडला नसेल. मग एका वर्षी घरात पाणी शिरलं आणि वाद्य भिजून गेलं. ‘झालं तेवढं पुष्कळ’ म्हणाला आणि पुन्हा घेतलं नाही. म्हणून मांडवा बंदराच्या वाटेवर, एका वाडीत, जुनी अकॉर्डियन विकायला आहे असं मंडळातल्या एकीकडून कळलं, तेव्हा मी ही थाप रचली.

“भजनात अकॉर्डियन? डोकं फिरलंय का तुमच्या मंडळाचं?”

महिन्याभरातलं ते त्याचं सगळ्यात लांब वाक्य. मला तर पेढे वाटावेसे वाटले.

“बायकांनी ठरवलंय, मी काय करू? मला यातलं कळत नाही. तुम्ही नुसतं बघून सांगा, घ्यायच्या लायकीची आहे का.”

“सांगीन. वाजवायला सांगायचं न्हाय.”

“कोण सांगतंय!”

वाडी नारळी-पोफळीची होती. घरात एक म्हाताऱ्या बाई एकट्याच. त्यांचे दीर मुंबईत वाद्यवृंदात होते, ते गेल्यावर अकॉर्डियनचा पेटारा इथे आला, तो तसाच पडून होता असं त्यांनी सांगितलं. एक रिसॉर्टवाला भिंतीवर टांगायला मागतो आहे म्हणाल्या. “पण टांगायचं कसं हो? त्यांचा जीव होता तिच्यावर. वाजवणारं कुणी आलं तर बरं.”

पेटारा उघडल्याबरोबर नवऱ्याने वाकून वास घेतला. कुबट वास येतो का ते आधी बघायचं, म्हणाला, बुरशी आली असेल तर पुढे बघायचंच नाही. वास डांबराच्या गोळ्यांचा होता. “कुनीतरी नीट ठेवलेली हाय.” बाई खूश झाल्या. “दरवर्षी गोळ्या बदलते मी,” म्हणाल्या.

कंपनीचा बिल्ला निघून गेला होता, नुसती दोन भोकं उरली होती. मी म्हटलं, मग कळणार कसं कुठली ते? त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डाव्या अंगाची बटणं बोटाने चाचपत गेला, मग उजवीकडच्या पट्ट्यांवरून नख फिरवलं, मग पक्कड मागवली. भात्याच्या कडेच्या खिळी माझ्याकडून उपटून घेतल्या आणि आत डोकावला. आत लाकडी ठोकळ्यांवर ओळीने पोलादी पाती मेणाने बसवलेली होती. मेण नखाने दाबलं. “मेण जिवंत हाय. तुकडे पडत न्हाईत. इटलीची असावी, पन मी शपथ घेनार न्हाय.” आम्ही पुन्हा सगळं बंद केलं.

मग म्हणाला, भाता गळतो का बघू. भात्याचे पट्टे सोडायला लावले, सुरांच्या पट्ट्यांची बाजू वर धरायला लावली, खालचं अंग लोंबू द्यायचं. तो बोजा धरून माझे हात भरून आले. पण खालचं अंग अगदी सावकाश उतरलं, मांजर आळस देतं तसं. धाडकन पडलं असतं तर भाता फाटका, हे मला तेव्हा कळलं.

“आता सूर,” म्हणाला. “तू भाता मार, मी पट्ट्या दाबतो.”

हीच गोची झाली. आयुष्य पेटीवर गेलेलं माझं. पेटीचा भाता उघडताना नुसती हवा आत घ्यायची, जोर लावायचा तो दाबताना. मी तशीच सुरू झाले. झटकन उघडायची आणि दाबायची, झटकन उघडायची आणि दाबायची. आतून खरखर, खोकल्यासारखा आवाज. एक सूर तर उमटेचना. मी मोठ्या शहाणपणाने जाहीर केलं, “गेलीय हो ही. दमेकरी झालीय.” त्या बाईंचा चेहरा एवढासा झाला. पदराने त्यांनी पेटाऱ्यावरची नसलेली धूळ पुसली.

आणि नवरा ओरडला.

“अगं बये, पेटी हाय का ती? भजन चाललंय का हितं? उघडताना पन बोलते ती! उघडायची पाती येगळी, बंद करायची येगळी. एकेका सुराला दोन-दोन पाती हायत आत. निम्मं वाद्य न ऐकताच मारून टाकलंस! अक्कल गहाण ठेवलीस का काय?”

परक्या घरात, परक्या बाईंसमोर! एरवी मी ऐकून घेतलं असतं का? पण माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, आणि ते अपमानाचं नव्हतं. ओरडा, म्हटलं मनात, आणखी ओरडा.

“सावकाश वढ. लांब. श्वास घेतेस तसा.”

मी सावकाश ओढली. आणि तो सूर आला! भरलेला, गोल, ओटीभर पसरला. पट्टीमागून पट्टी तो दाबत गेला, एकही सूर अडखळला नाही. बाई खांबाला टेकल्या आणि “हाच, हाच आवाज” एवढंच म्हणाल्या.

मग त्याने मला सावकाश बंद करायला लावली. पुन्हा खरखर. त्याने मान हलवली. “भात्याच्या बाजूच्या पात्यांना खारी हवा लागलीय. गंज हाय. साफ करून घेता येतील, काही बदलावी लागतील.” बाईंकडे वळून म्हणाला, “उघडतानाची पुरी किंमत देऊ. बंद करतानाची न्हाय.” त्यांना ते पटलं, उलट हसू आलं. घासाघीस झालीच नाही.

काम संपलं होतं. मी वाद्य उचलून पेटाऱ्यात ठेवायला गेले.

“थांब. पट्टा जरा लांब कर.”

मी केला. तो खुर्चीत पुढे सरकला. वाद्य मांडीवर घेतलं, खांद्यात पट्टे मी अडकवले. डावा हात त्याने स्वतःच, उजव्या हाताने उचलून, बाजूच्या पट्ट्याखाली सरकवला. मी मदतीला पुढे झाले तर डोळे वटारले.

उघडताना वजनाने साथ दिली. भाता त्याच्या हाताला घेऊन आपणहून खाली झुकला, दोन सूर आले. पण बंद करायला हातात जोर लागतो. त्याचा खांदा वर आला, मानेच्या शिरा ताठ झाल्या, कपाळावर घाम. भाता हलेना. मी पदर तोंडात कोंबून उभी राहिले. मग एक घडी मिटली, मग दुसरी, आणि आतून तो गंजलेला, खरखरीत, मोडका सूर आला. मी आयुष्यात इतकं गोड काही ऐकलेलं नाही.

तो धापा टाकत होता. उजव्या हाताने घाम पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “तुझ्या मंडळाला सांग, तुमची तुम्ही दुसरी बघा. ही मी देनार न्हाय.”

मी कमरेवर हात ठेवले. डोळे वाहत होते, तरी आवाज चढवला. “असं कसं? बायका वाट बघतायत तिकडे!”

“बघू देत,” म्हणाला, आणि पुन्हा भाता दाबायला लागला.