चार बोटांचा ठसा

तोक्मोकच्या कारखान्यात बुरुलचाच्या कानांना मान होता. रडारच्या अँटेनावर बसवायचे पांढरे घुमट तिथे बनत. कागदोपत्री त्यांना रेडोम म्हणत. काचधाग्याच्या कापडाचे थर, मधे फेसाची हलकी पाटी, वर पुन्हा थर, सगळं राळेत भिजवून भट्टीत भाजलेलं. वारा, गारा आणि बर्फ बाहेर अडवायचं, रडारच्या लहरी मात्र आरपार जाऊ द्यायच्या, एवढीच त्या घुमटाकडून अपेक्षा. माणसांकडून कोणी एवढी ठेवत नाही.

बुरुलचाचं काम ठोकण्याचं. घुमट पाकळ्यांसारख्या वक्र तुकड्यांचा जोडलेला; पितळी हातोडीने ती त्याची प्रत्येक पाकळी बोटबोट अंतरावर ठोकायची. थर घट्ट चिकटलेले असले की आवाज टणक येतो, सुटलेले असले की बद्द. बद्द आला तिथे खडूचा ठिपका. हे एकतीस वर्षं चाललं होतं. पाकळ्या बनवणाऱ्यांत तिचा नवरा असांकुलही होता. नवऱ्याचं काम ठोकून बघण्याचा पगार मिळणारी जिल्ह्यात ही एकटीच, असं फोरमन म्हणायचा. घरी दोघं पाकळ्यांचा विषय काढत नसत; म्हणून संसार टिकला, असंही तोच म्हणायचा.

त्या वसंतात आत-बाशीच्या कड्यावरच्या हवामान रडारसाठी घुमटाची मागणी आली. आत-बाशी म्हणजे असांकुलचं खोरं. त्याचा हा शेवटचा घुमट, नंतर पेन्शन. उभारणीला जाताना घालायची पांढरी, लोकरीच्या नमद्याची टोपी त्याने मार्चमध्येच झटकूनपुसून ठेवली होती. कारखान्याचा नियम मात्र जुना होता: ज्याची पाकळी नापास, तो उभारणीला जात नाही. असांकुलची पाकळी नापास होऊन अकरा वर्षं झाली होती.

मंगळवारी दाराशेजारची पाकळी बुरुलचाच्या टेबलावर आली. टण, टण, टण, बद्द. तिने ठिपका दिला. मग आणखी. ठिपके जोडले तेव्हा खडूचा एक तळवा दिसू लागला. त्याला बोटं चार. तर्जनीच्या जागी आवाज खणखणीत होता. असांकुलची उजवी तर्जनी एकोणनव्वद साली करवतीने नेली होती.

खडू पुसायचं ओलं फडकं हाताशीच होतं. बुरुलचाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग ती उठून कापड कापायच्या खोलीत गेली.

“अहो, दाराच्या पाकळीला हात लावला होतात?”

“मीच बनवली. हात न लावता कशी बनवू?”

“चरबीचा हात.”

असांकुलची कात्री थांबली नाही. “दुंब्याची, मेंढ्याच्या शेपटीची. थोडीशीच.”

“आणि नव्या लोकांना काय शिकवता? तळलेले बोर्सोक खाऊन आलात तर हात दोनदा धुवा.”

“शिकवतो ना.”

“मग?”

“घर आहे ते. दाराला चरबी लावल्याशिवाय नव्या घरात पाऊल टाकतं का कोणी? वरून लावली की रंगवाल्या बायका स्पिरिटने पुसून काढतात. म्हणून थरांच्या आत लावली. कायमची राहील म्हणून.”

“कायमची? फटीत पाणी शिरेल, गोठेल. तीन हिवाळ्यांत पाकळी उकलेल.”

“म्हातारे, मला सांगतेस? भट्टीचं दार लागलं आणि आठवलं.” आता कुठे त्याने कात्री खाली ठेवली. “काल दिवसभर वाटत होतं, तुझ्या कानातून सुटावं. रात्री वाटलं, सुटू नये. जा, लिही.”

तिने लिहिलं.

मुख्य इंजिनियर गुल्शान सापारोव्ना तिच्यापेक्षा वयाने लहान, म्हणून बुरुलचाला एजे, म्हणजे ताई, म्हणायची आणि असांकुलला बाइके, म्हणजे दादा. तिने कागद दोनदा वाचला. “एजे, ‘चरबी’ एवढं पुरलं असतं. ‘दुंब्याची’ कशाला?”

“रकाना मोठा होता.”

“असांकुल बाइकेंना आता पाठवता येणार नाही.”

“माहीत आहे.”

असांकुलने पाकळी नव्याने बनवली. हात इतक्यांदा धुतले, की साबण संपल्याची तक्रार भांडारातून आली. बुरुलचाने ती तीनदा ठोकली. कुठेही बद्द नाही. लहरींच्या चाचणीतही पास झाली. टोपी मात्र पेटीत गेली.

ऑगस्टमध्ये पाकळ्या ट्रकवर चढल्या. जोडणी झाल्यावर जागेवर पुन्हा ठोकायचं असतं, म्हणून बुरुलचा निघाली. असांकुल फाटकाशी आला आणि झाकणाची लहान बाटली तिच्या हातात देत म्हणाला, “चौकटीला. बाहेरून. जिथे राळ नाही तिथे.”

“मला कळतं ते.”

“तुला कळतं म्हणून तर इथे राहिलो मी,” तो म्हणाला, आणि गालात हसला.

कड्यावर घुमट उभा राहिला तेव्हा असांकुलची थोरली बहीण आय्मान एजे घोड्यावरून कुमिस, घोडीचं आंबवलेलं दूध, घेऊन आली. उतरायच्या आधीच म्हणाली, “भाऊ कुठाय माझा?”

“कामात आहेत.”

“बायकोला डोंगरावर धाडून खाली कसलं काम करतो तो? पूर्वी नुसता पडून असायचा, तसाच राहिला म्हण.”

बुरुलचाने हातोडी उचलली. दुपारभर शिडीवर चढून-उतरून तिने सगळे सांधे ठोकले. सगळीकडे टणक. मग लोखंडी चौकटीपाशी येऊन तिने बाटली उघडली, तळहाताला चरबी लावली आणि हात उंच उचलला.

तिथेच ती थांबली. मग तर्जनी दुमडून घेतली, आणि तळवा चौकटीवर दाबला.

आय्मान एजे मागे उभी होती. तिने तो ठसा निरखून पाहिला, भांड्यातून एक वाडगा कुमिस भरला आणि चौकटीच्या पायाशी ठेवला.

“आलाय म्हणजे,” ती म्हणाली.