सातवीपर्यंत शिकलेली असली तरी

सासूबाईंवर लिहिलेला लेख मी स्वतःहून त्यांच्या हातात दिला. कोणी सांगितलं नव्हतं. दिवाळी अंकात छापून आला होता, ऑफिसातल्या चौघींनी वाचून कौतुक केलं होतं, एका जुन्या मैत्रिणीने फोन करून "किती प्रेमाने लिहिलंयस गं" म्हटलं होतं. तेव्हा मलाही वाटलं, ज्यांच्यावर लिहिलंय त्यांना दाखवलाच पाहिजे. दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही सांडोरला गेलो तेव्हा अंक पिशवीत घालून नेला.

आम्ही दोघं आणि मुलगी विरारला, बोळिंजमध्ये राहतो. नवऱ्याचं मूळ घर सांडोरचं. मागे केळीची वाडी, थोडी भाजी. सासरे गेल्यापासून सासूबाई तिथे एकट्याच असतात, कामाला एक बाई येते. फ्लॅटवर येऊन राहा म्हटलं की त्या "बघू" म्हणतात आणि विषय केळीकडे नेतात.

मी साताऱ्याकडची. लग्न करून आले तेव्हा या घरात दोन तऱ्हेची मराठी होती. एक आपसातली, घरची बोली, जी मला पहिल्या दिवशी अर्धीसुद्धा कळली नाही. दुसरी माझ्यासाठीची. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की बोलणं मध्येच बदलायचं, पाहुणा आल्यावर घाईने सतरंजी अंथरावी तसं. यात कुणाचा दुष्टावा नव्हता, उलट अदबच होती. पण मला बाहेरची असल्यासारखं वाटायचं. तीन वर्षं असं चाललं. मग एकदा अंगणात सुकेळी उलटायला बसले होते. सोललेली राजेळी केळी उन्हात वाळवतात, रोज हलक्या हाताने फिरवावी लागतात. मी घाईत चार-पाच मोडली. सासूबाई माझ्यावर ओरडल्या आणि घरच्या बोलीत ओरडल्या. नणंद तिथेच होती. ती हसून म्हणाली, "झालीस बाई घरातली." त्या दिवसापासून सासूबाई माझ्याशी त्यांच्या बोलीत बोलू लागल्या. मी साताऱ्याच्या मराठीत उत्तर द्यायचे. आमचं छान चालायचं.

दहा वर्षांनी मी हा लेख लिहिला. खुसखुशीत लिहिते असं माझं थोडंफार नाव झालं होतं. लेखात सासूबाईंची सुकेळी होती, मोबाइलशी चाललेली त्यांची झटापट होती, केळीच्या घडावर टिचकी मारून कापायचा दिवस सांगण्याची त्यांची हातोटी होती. मला तो सगळा कौतुकाचा वाटत होता. आजही शपथेवर सांगेन, लिहिताना माझ्या मनात प्रेमच होतं.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि ओटीवर खुर्ची घेऊन बसल्या. त्या रोजचा पेपर अग्रलेखासकट वाचतात. वाचायचा वेग बेताचा, पण काही सुटत नाही. मी भांडी आवरत होते आणि कान बाहेर होता. कुठे हसू येतंय का, ऐकत होते. आलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी हाक मारली. त्या दिवशी अजून घरच्या बोलीतच बोलत होत्या. ती बोली मी इथे लिहिणार नाही, का ते पुढे येईलच. अर्थ एवढाच की जरा इकडे ये, एक विचारायचंय.

एका ओळीवर त्यांचं बोट होतं. "सातवीपर्यंतच शिकलेली असली तरी माझी सासू रोज पेपर वाचते."

"मी सातवी शिकले," त्या म्हणाल्या. "खरं आहे. मी पेपर वाचते. तेही खरं. मग मध्ये 'असली तरी' कशाला?"

मी म्हटलं, "आई, ते कौतुकाने लिहिलंय."

"'आणि' लिहिलं असतं तर कौतुक कमी झालं असतं?"

त्यांनी पान उलटलं. "इथे लिहिलंस, तिलासुद्धा विनोद कळतो. सुद्धा म्हणजे कुणाकुणाला कळतो, आणि मग मला पण?" आवाज चढलेला नव्हता. एखादी गोष्ट समजून घ्यायची असावी तसं विचारत होत्या. मग 'बिचारी'. तो शब्द लेखात तीनदा आला होता, मला आठवतही नव्हता. बिचारी उन्हात बसते. बिचारी फोन उलटा धरते. "ऊन मला आवडतं," त्या म्हणाल्या.

आणि शेवटी जे बोलल्या ते मी इतक्या वर्षांत विसरलेले नाही. लेखात संवाद होते. मी त्यांची वाक्यं त्यांच्या बोलीत लिहिली होती, उच्चारासकट. पाणी न लिहिता पानी, नाही न लिहिता नाय. माझी आणि नवऱ्याची वाक्यं शुद्ध.

"यात मी एकटीच अशी बोलते," त्या म्हणाल्या. "हा घरात काय बोलतो? माझ्यासारखंच ना? याला शुद्ध केलंस, मला ठेवलंस."

नवरा आत झोपाळ्यावर होता. त्याने ऐकलं असणार. तो बाहेर आला नाही.

मी माफी मागायला हवी होती. त्याऐवजी मी वाद घातला. म्हटलं, बोली लिहिली म्हणजे तुम्ही जिवंत वाटता, वाचकांना तेच आवडलं, सगळे तुमच्याबद्दल विचारतायत. त्या ऐकत राहिल्या. मग अंक मिटून माझ्या हातात दिला. "बरं. चहा टाकतेस का?" म्हणाल्या. ते वाक्य शुद्ध मराठीत होतं. मला तेव्हा जाणवलंही नाही.

जाणवलं पुढच्या रविवारी. त्या माझ्याशी स्वच्छ, पुस्तकी मराठीत बोलत होत्या. प्रत्येक ण जागच्या जागी. रुसवा नव्हता, टोमणा नव्हता. माझ्या आवडीची अळूवडी केली होती, निघताना केळी बांधून दिली. फक्त भाषा काढून घेतली होती. मला वाटलं, चार दिवसांत विसरतील. सहा महिन्यांनी मी नवऱ्याला विचारलं, "आई माझ्याशी वेगळं बोलतात, तुझ्या लक्षात आलंय?"

"आलंय," तो म्हणाला.

"मग तू त्या दिवशी बाहेर का आला नाहीस?"

तो म्हणाला, "तू मला शुद्ध बोलताना दाखवलंस ते मला आवडलं होतं. छापायच्या आधी वाचलं तेव्हाच. शाळेत मला या बोलीवरून खूप हसायचे." मग म्हणाला, "म्हणजे मीही त्यात होतोच."

दोन वर्षांनी माझ्या लेखांचं पुस्तक काढायचं ठरलं. मी तो लेख पुन्हा लिहिला. बिचारी काढलं, सुद्धा काढलं, सगळ्यांना एकाच मराठीत बोलायला लावलं आणि सांडोरला नेऊन त्यांना वाचून दाखवला. त्यांनी मन लावून ऐकला. "चांगला झालाय," म्हणाल्या. "पण आता ही कुणाचीही सासू असेल." पुस्तकात तो लेख घेतला नाही.

यंदा पावसाळ्यात त्यांचा फोन आला, एक अर्ज लिहून हवा म्हणून. वाडीलगतचा रस्ता उंच झाल्यापासून पाणी आत साचत होतं, केळीचे बुंधे कुजत होते. मी आणि मुलगी स्कूटरवरून गेलो. मी कागद घेऊन बसले आणि सवयीने लिहिलं, "नम्र विनंती करते की."

"ते खोड," त्या म्हणाल्या. "'कळवते की' लिही. पाणी माझ्या वाडीत शिरलंय. मी मागायला चालले नाही. विनंती शेवटी एकदा येऊ दे, पुरे."

मी खोडलं. मग त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. एक शब्द माझ्या पदरचा घातला नाही. कुठे झाडं 'वाया गेली' आणि कुठे 'मेली' म्हणायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अर्ज दहा ओळींचा झाला. एवढं नेमकं मी आयुष्यात लिहिलेलं नाही. हे त्यांना सांगावंसं वाटलं, आणि सांगताना 'तुम्हीसुद्धा' तोंडात येईल या धास्तीने मी काहीच बोलले नाही.

त्यांनी सही केली, कागदाची घडी घातली.

"आभारी आहे," म्हणाल्या.

आमच्या घरात कुणी कुणाला असं म्हणत नाही. मी पेनाला टोपण लावलं आणि "त्यात काय, आई" असं काहीतरी पुटपुटले. त्या उठून पायरीवर गेल्या आणि मागे केळीत शिरलेल्या माझ्या मुलीला, चिखलात जाऊ नकोस म्हणून, घरच्या बोलीत ओरडल्या. केळीतून मुलीने त्याच बोलीत ओ दिली.