डाव्या चाकाची मोजणी

आमच्या घरमालकांचा पूर्ण विश्वास बसला आहे अशी एकही गोष्ट, लातुरात त्यांच्या वरच्या मजल्यावर राहिलो त्या पाच वर्षांत, मी पाहिली नाही. दूधवाल्याने ओतलेलं दूध ते स्वतःच्या मापाने पुन्हा मोजत, आणि दोन्ही मापं सारखी भरली की आपलं माप याने कधी पाहिलं असेल, याचा विचार करत ओट्यावर बसत. मी वर्तमानपत्रात काम करतो म्हणून त्यांनी मला घर दिलं, कारण असा माणूस नजरेखाली असलेला बरा, असं काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मला नंतर सांगितलं. "पत्रकार, तुमच्या पेपरावरची तारीखसुद्धा मी कॅलेंडरावर ताडून बघतो," असं ते मला दर दोन दिवसांनी ऐकवत. हा दोष स्वभावाचा कमी आणि नोकरीचा जास्त होता. त्यांची सारी हयात जमीन मोजणीच्या खात्यात गेली होती. एकाच बांधाच्या दोन्ही बाजूंचे दोन सख्खे भाऊ एकाच दगडाकडे बोट दाखवून देवाशपथ वेगवेगळी हद्द सांगतात, हे वर्षानुवर्षं ऐकलेला माणूस निवृत्तीनंतर दुधाकडे वेगळ्या नजरेने पाहील, ही अपेक्षा चूक होती.

या संशयाचा सर्वात मोठा वाटा त्यांच्या गाडीच्या वाट्याला आला होता. पांढरी, वीस वर्षांची, आतून देवघरासारखी स्वच्छ. तिची चावी त्यांनी आजवर कोणाच्या हाती दिली नव्हती. गॅरेजमध्येसुद्धा गाडी आत घ्यायची तर तेच घेत आणि बाहेर काढायची तर तेच काढत. या गाडीच्या पुढच्या भागातून, संथ वेगात खड्ड्यावरून किंवा स्पीडब्रेकरवरून जाताना, खट्ट असा एक आवाज येई. एकच, कोरडा, कोणीतरी टाळ्याला जीभ लावून सोडावी तसा. आवाज डावीकडून येतो, हे घरमालकांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

काकूंनी त्या आवाजाची धास्ती घेतली होती. चाक निखळणार, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि त्यांनी गाडीत बसणं सोडलं. त्यांचं माहेर नायगावचं. तिकडे त्या एसटीने जाऊ लागल्या. घरमालकांचा एसटीच्या ड्रायव्हरवरही विश्वास नव्हता, त्यामुळे काकू बसमध्ये आणि हे गाडीत एकटे, बसच्या मागोमाग, लातूरपासून नांदेडपर्यंत आणि तिथून बस बदलून नायगावपर्यंत, असा प्रवास ती दोघं करत. अहमदपूरच्या स्टँडवर बस थांबली की हे खिडकीखाली जाऊन डबा मागून घेत आणि गाडीत बसून खात. एकदा कंडक्टरने काकूंना विचारलं, "मावशी, ती पांढरी गाडी कवापासून आपल्या मागं लागलीय, वळखीची हाय का?" काकू म्हणाल्या, "हाव. नवराच हाय. तुम्ही तिकिटं फाडा."

आवाज शोधण्याची त्यांची पद्धत मोजणीची होती. गाडी एका मिस्त्रीला दाखवली की त्याचं निदान ते दुसऱ्याला सांगत नसत. पहिल्याने लिंक रॉड सांगितला, दुसऱ्याने शॉकअप, तिसऱ्याने बॉल जॉइंट. तिघं वेगळं बोलतात म्हणजे कोणालाच कळत नाही, असा निष्कर्ष निघाला. पुढच्या फेरीत दोघांनी एकच सांगितलं, तेव्हा ते अधिक अस्वस्थ झाले. "ह्यांचं एकमेकाला फोनवर बोलणं झालेलं हाय," ते मला म्हणाले. प्रत्येक मिस्त्रीला एक अट मात्र सारखी होती: काम डाव्या बाजूचं आहे, उजव्या बाजूला हात लावायचा नाही. "अर्ज ज्या गटाचा, मोजणी त्याच गटाची. शेजारच्या रानात पाय ठेवायचा न्हाई." त्यामुळे डाव्या बाजूचं बदलण्यासारखं सगळं बदलून झालं आणि आवाज होता तिथेच राहिला. एकदा त्यांनी मोबाइल टॉवेलात गुंडाळून डाव्या चाकामागे बांधला आणि औशापर्यंत जाऊन आले. त्यात वारा होता, एक कुत्रं होतं, आणि त्यांचाच "आता बघ, आता येईल" असा पुसट आवाज होता. मग ते मोबाइलवर संशय घेऊ लागले.

खरं तर हे गाऱ्हाणं जिथे सुटलं असतं ते गॅरेज औसा रोडलाच, घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. खाजाभाईंचं. त्यांच्या वडिलांपासूनचं. मी राहायला येण्याच्या आधी कधीतरी घरमालकांनी तिथे डाव्या बाजूचा लोअर आर्म उतरवून त्याचं रबरी बुश बदलायला सांगितलं होतं. लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा लोखंडी हात. आपला अस्सल आर्म काढून कोणी नकली बसवू नये, म्हणून आदल्या दिवशी त्यांनी काकूंच्या गाजरी नेलपॉलिशने त्याच्यावर हद्दीच्या दगडावर करतात तशी फुली मारून ठेवली होती. काम झाल्यावर ते बॅटरी घेऊन खाजाभाईंनी खोललेल्या चाकामागे वाकले. फुली नव्हती. चार गिऱ्हाइकांसमोर ते म्हणाले, "माझा आर्म बदललास तू." खाजाभाई एवढंच बोलले, "साहब, तुमची वस्तू तुमच्याच गाडीत हाय." आणि हात धुवायला गेले. त्यानंतर सहा वर्षं घरमालक त्या गॅरेजसमोरून जाताना मान रस्त्याच्या पलीकडे वळवत.

मग नायगावहून निरोप आला की काकूंच्या आईचे पाय गेले आहेत. आईला लातूरला आणायचं ठरलं. एसटीत चढवता येणं शक्य नव्हतं.

"आईला गाडीतच आणायची," काकू म्हणाल्या. "पण आधी खाजाभाई गाडी बघंल. त्यानं बरी हाय म्हणलं तर मी बसते, आईला बसवते. न्हाई तर मी तिकडंच ऱ्हाते तिच्यापाशी."

"त्यानं आपला आर्म चोरला, ध्यानात हाय का?"

"एक आर्म घेऊन त्यानं काय बंगला बांधला का? सहा वर्षं झाली, पत्र्यातच बसलाय."

घरमालकांनी दोन दिवस गाडीभोवती फेऱ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला साक्षीदार म्हणून सोबत घेतलं.

खाजाभाईंनी मागचं काही काढलं नाही. पुढचे दोन्ही कोपरे दाबून सोडून पाहिले आणि म्हणाले, "साहब, गाडी एकानं चालवायची, एकानं बाजूनं चालत आयकायचं. आत बसून आवाजाची जागा कळत न्हाई, पत्र्यातून फिरतो तो. तुम्ही काय करता? चालवता का आयकता?"

यात एक अडचण होती, ती माझ्या तेव्हा लक्षात आली. स्वतःची गाडी बाहेरून चालताना घरमालकांनी कधी ऐकलीच नव्हती. ऐकायची तर चावी द्यावी लागणार होती. त्यांनी खाजाभाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यातल्या त्यात कमी धोक्याचा म्हणून मला निवडलं. "किलोमीटर बघून ठेवलेत हं, पत्रकार," चावी देताना ते म्हणाले.

गॅरेजसमोरच्या स्पीडब्रेकरवरून मी गाडी चालण्याच्या वेगाने नेली. घरमालक डाव्या चाकाशी कमरेत वाकून चालत होते, हात कानामागे. काही नाही. परत आलो. पुन्हा काही नाही. "आवाज माणूस बघून यायलाय," ते म्हणाले. खाजाभाईंनी त्यांच्या दंडाला धरून त्यांना बॉनेटच्या पुढून पलीकडे, ड्रायव्हर साइडला नेलं. मी तिसऱ्यांदा गाडी घातली. खट्ट. माझ्या खिडकीतून मला त्यांचा चेहरा दिसला. मोजणीची साखळी बरोबर पडली आणि बांध दुसऱ्याच रानात निघाला की होत असेल, तसा तो झाला होता.

खाजाभाईंनी उजवं चाक जॅकवर घेतलं, टॉमीची पहार घालून आर्म हलवला. बुश फाटून लोंबत होतं. त्यांनी आर्म सोडवला, डिझेलच्या फडक्याने पुसला, आणि पुसता पुसता थांबले. मग तो दोन्ही हातांवर घेऊन घरमालकांसमोर आणून धरला. सहा वर्षांच्या ग्रीसखाली गाजरी रंगाची फुली होती.

 घरमालक उठले, गाडीच्या पुढे जाऊन बॉनेटकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी डावा हात बाजूला पसरला. हात ड्रायव्हर साइडच्या चाकाकडे गेला. सहा वर्षांपूर्वी फुली मारताना ते असेच उभे राहिले असणार. खाजाभाईंनी काम केलं होतं क्लीनर साइडला, म्हणजे गाडीच्या खऱ्या डाव्या बाजूला. बरोबर तिथेच केलं होतं. आयुष्यभर नकाशा उत्तरेला फिरवल्याशिवाय ज्यांनी साखळी टाकली नाही, त्यांनी त्या एका दिवशी स्वतःला फिरवून घेतलं नव्हतं.

"चहा सांगू का, साहब?" खाजाभाईंनी विचारलं.

माफीचा शब्द घरमालकांच्या तोंडून आला नाही. बुश बसलं, चाक चढलं. गाडी ट्रायलला काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी चावी खाजाभाईंच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "तुम्ही या चक्कर मारून. मी बसतो इथं." एकेरीचं अहोजाहो झालं होतं. खाजाभाई बरेच लांब जाऊन आले, मला वाटतं औशाच्या निम्म्यापर्यंत. घरमालक पत्र्याखाली स्टुलावर बसून राहिले. गाडी परत आल्यावर त्यांनी किलोमीटर पाहिले नाहीत. हे मी मुद्दाम पाहिलं.

आजी लातूरला आल्या त्या मागच्या सीटवर उशीला टेकून, आणि काकू पुढे. आता मी नांदेडला असतो. काकूंच्या भावाकडे, नायगावला जाताना घरमालक माझ्या दारापाशी थांबतात. वर येत नाहीत, गाडी सोडवत नाही. मागच्या वेळी मी खाली गेलो तेव्हा ते उजव्या चाकापाशी उकिडवे बसले होते.

"येतो का आवाज?" मी विचारलं.

"न्हाई." थोडा वेळ त्यांनी टायरवरची माती नखाने काढली. "माझ्याच सीटखाली होता, पत्रकार. आणि मी सहा वर्षं त्या माणसाच्या दारावरून तोंड फिरवून जायलो."

"अहो, ऊन व्हायलंय," काकूंनी आतून आवाज दिला.

ते उठले, आत बसले, आरसा नीट केला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक स्पीडब्रेकर आहे. तिथे त्यांनी गाडी अगदी हळू केली. मी दारात उभा राहून कान दिला. आवाज आला नाही. ते मात्र तिथे क्षणभर थांबले, आणि मग गेले.